जा म्हणणारे, राहा म्हणणारे

मराठवाड्यात पाऊस दडी मारतो, विहिरी तळाला जातात, सोयाबीन जाग्यावर करपतं, आणि दोन माणसं हटकून बोलायला लागतात. एक म्हणतो, जा. दुसरा म्हणतो, राहा. दोघांचंही पोट भरलेलं. एकाच्या नावावर शहरात फ्लॅट, दुसऱ्याच्या नावावर गावात काळंभोर रान. आणि ज्याच्या जाण्या-राहण्यावर ही दोघं तोंड वाजवतात त्याच्या नावावर काय? मुकादमाच्या वहीत उचल.

आम्हाला या दोघांशी भांडायचंय. कारण जायचं का राहायचं हा सवाल दलिताला कधी विचारलाच गेला नाही. त्याला कधी डांबून ठेवलं, कधी हाकललं. दोन्ही वेळा वरून शहाणपण शिकवलं.

पहिल्यापासून बघू. महार वतन म्हंजे काय होतं? इंग्रजांच्या १८७४ च्या वतन कायद्यानं महाराला गावाशी बांधून टाकलं. तुकडाभर जमीन, दारोदार मागून आणायची भाकर, आणि बदल्यात रात्रंदिवस सरकारची आणि गावाची चाकरी. सांगावा घेऊन कोसच्या कोस पळायचं, मेलेलं ढोर ओढायचं, साहेबाच्या घोड्यापुढं धावायचं. बाप आजारी पडला तर पोरानं जायचं. गाव सोडतो म्हणाला तर वतनावर पाणी. तेव्हा कुणी म्हणालं नाही की बाबा रे, शहरात जा, सुखी हो. तेव्हा गावाला महार पाहिजे होता. राहा हा तेव्हा हुकूम होता.

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात वतन कायदा दुरुस्तीचं बिल आणलं ते हा दोर कापायला. दोर कापला गेला १९५८ च्या कायद्यानं, बाबासाहेब गेल्यावर दोन वर्षांनी. कापताना तरी जमीन सरळ हातात दिली का? नाही. आकाराच्या पटीत रक्कम भर, मग घे. घेतलीस तर नवीन शर्तीनं घे, कलेक्टरला विचारल्याबिगर विकू नको. ज्याच्याकडं भरायला दमडी नव्हती त्याचं काय झालं ते गावोगावच्या म्हातारीला विचारा. ती बोटानं दाखवील, ते बघ, ते आपलं व्हतं.

आता जा म्हणणाऱ्याकडं वळू. हा आपलाच आहे, म्हणून याच्याशी आधी बोललं पाहिजे.

हा शिकला. स्कॉलरशिपवर शिकला, होस्टेलची पाणचट आमटी खाऊन शिकला, याचा आम्हाला अभिमान आहे. आता बँकेत आहे, मंत्रालयात आहे, कॉलेजात आहे. चौदा एप्रिलला गावी येतो, निळ्या कमानीखाली उभा राहतो आणि सांगतो, ‘गाव सोडा. बाबासाहेबांनीच सांगितलंय.’

सांगितलंय. खरं आहे. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत बाबासाहेबांनी खेड्याची आरती ओवाळणाऱ्यांची पार दैना केली. खेडं म्हणजे अज्ञानाचं, कोतेपणाचं डबकं, असं त्यांचं म्हणणं. आम्ही त्यातला काना-मात्रा बदलत नाही. गाव म्हंजे काय हे आम्हाला पुस्तकातून वाचावं लागत नाही. पाणवठा वेगळा, मसणवट वेगळी, लग्नाची वरात वेगळ्या वाटेनं.

पण सायेब, तेवढंच वाचलंत का? जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या अखिल भारतीय दलित वर्ग परिषदेत स्वतंत्र वसाहतींची मागणी झाली. वेगळी गावं द्या, जमीन द्या, म्हणजे सवर्णाच्या दाराशी उभं राहायला नको. १९४७ साली ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये बाबासाहेबांनी लिहिलं की शेती हा राज्याचा उद्योग करा आणि जात न बघता गावकऱ्यांना सामुदायिकपणे कसायला द्या, म्हणजे भूमिहीन नावाचा वर्गच राहणार नाही. आणि १९५० साली त्यांनी मराठवाड्याच्या पोरांसाठी काय केलं? मुंबईचं तिकीट काढून दिलं का? औरंगाबादेत कॉलेज काढलं. तेच आजचं मिलिंद. निजामी राजवटीतनं नुकत्या सुटलेल्या, धुळीत लोळणाऱ्या मुलखात कॉलेज आणलं.

म्हंजे बाबासाहेबांचं सांगणं ‘पळा’ एवढंच नव्हतं. गावाची सत्ता मोडा, जमीन मिळवा, शिका, आणि मग तुमचे पाय कुठं न्यायचे ते तुम्ही ठरवा, असा त्याचा सगळा अर्थ आहे. तुम्ही त्यातला शेवटचा शब्द घेतला आणि आधीचे सगळे गाळले. कारण जमिनीच्या शब्दाला कष्ट पडतात. सल्ल्याला पडत नाहीत.

बरं, जा म्हणता ते कुठं?

मुंबईत गिरण्या होत्या तेव्हा आपली माणसं गेली. पण साच्यावर नाही. विणकाम खात्यात पगार जास्त, तिथं अस्पृश्याला मज्जाव. धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागतो, विटाळ होईल. मग आपली माणसं कुठं? रिंग खात्यात, कमी पगारावर. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल उघड मांडला की विणकाम खातं आम्हाला खुलं करा. लाल बावट्याखालीसुद्धा धागा बाटत होता. शहरात गेल्यावर जात सुटते म्हणणाऱ्यांनी तो धागा जरा तोंडात धरून बघावा.

मग १८ जानेवारी १९८२. अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले. संप रीतसर संपलाच नाही, गिरण्या संपल्या. त्या संपात किती टिकायचं ते कुणाचं ठरत होतं? ज्याचं गावी शेत होतं तो कोकणात गेला, घाटावर गेला, भाताला हात लावला, नाचणी-बाजरी खाऊन महिने काढले. ज्याच्या गावात गावकुसाबाहेरची एक खोप आणि गायरानावरचं बेभरवशाचं रान, तो कुठं जाणार? तो चाळीतच उपाशी राहिला, नाहीतर मिळेल त्या कामाला जुंपला.

इथं थांबा आणि नीट समजून घ्या, आम्हाला सांगायचंय ते हेच. ज्याला गावात राहता येतं त्यालाच शहरात ताठ उभं राहता येतं. ज्याला मागं फिरायला जागा आहे तोच पुढं जाताना मालकाशी भाव करू शकतो. ज्याला राहताच येत नाही तो जात नसतो, त्याला नेलं जातं.

१९७२ चा दुष्काळ घ्या. त्याच साली मुंबईत पँथर उभी राहिली, आणि त्याच साली मराठवाड्यातनं, नगर-सोलापुरातनं लोंढेच्या लोंढे शहराला लागले. रुळाच्या कडेला, नाल्याच्या काठाला पालं पडली. त्यांना शहरानं काय विचारलं? तारीख. १९७६ ला झोपड्यांची गणती झाली, फोटोपास निघाले. ज्याचा फोटो तो माणूस, बाकीचे घुसखोर. पुढं तारीख सरकली १ जानेवारी १९९५ वर. मग १ जानेवारी २००० वर. दर वेळी नवा दुष्काळ नव्या माणसाला आणतो आणि दर वेळी तो तारखेच्या बाहेर पडतो. आणि ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पुतळ्याच्या विटंबनेवरून माणसं रस्त्यावर आली तेव्हा राखीव पोलिसांनी गोळ्या घातल्या. दहा मेले. गोळीनं कुणाचा फोटोपास बघितला नाही.

आणि २०२०. २४ मार्चच्या रात्री देश बंद झाला. ज्या शहरांनी जा-जा म्हणून बोलावलं होतं त्यांनी दुसऱ्या दिवशी दार लावलं. ८ मे ला पहाटे औरंगाबादजवळ करमाडला रुळावर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली चिरडले. मध्य प्रदेशातले, जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करणारे. भाकरी रुळावर विखुरल्या. जायचं का राहायचं यावर त्यांना कोणता सल्ला द्यायचा होता, सायेब?

आता दुसरा. राहा म्हणणारा.

हा खादीत आहे. साखर कारखान्याचा डायरेक्टर आहे, नाहीतर निवृत्त होऊन वर्तमानपत्रात ग्रामजीवनावर लिहितो आहे. याच्या लेखात गाव हिरवंगार असतं. कोकिळा असते. बारा बलुतेदार हातात हात घालून नांदत असतात. स्थलांतरानं गावं ओस पडली म्हणून हा गहिवरतो.

याचं गहिवरणं कधी चालू होतं ते बघा. कापूस वेचणीला आला की होतं. सोयाबीन काढणीला आली की होतं. मजूर मिळेना, मजूर माजले, सरकारनं काम देऊन आळशी केले. मग मृगापासून दिवाळीपर्यंत दलित गावाचा असतो. दिवाळी झाली, रान मोकळं झालं, की कुणाचा कोण? तेव्हा दुष्काळात राहा म्हणून याच्या तोंडातनं अक्षर निघत नाही. याला माणूस बारमाही नको, हंगामी पाहिजे. बैल तरी उन्हाळ्यात दावणीला बांधून पोसतात.

दुष्काळ सरकारला दिसतो कसा तेही बघा. तलाठी येतो, पिकाचा पंचनामा करतो. मदत हेक्टरी मिळते. कर्जमाफी खातेदाराची होते. २००८ ला झाली, २०१७ ला झाली, २०१९ ला झाली. विमा सातबाराचा निघतो. हे मिळू नये असं आम्ही म्हणत नाही. कोरडवाहू कुणबी आमच्यासारखाच करपतो आणि फास लावून घेतो, ते मरण आमच्या डोळ्यांसमोरचं आहे. पण ज्या रानात चाळीस दिवस खुरपणी व्हायची होती ती झाली नाही, ज्या कपाशीची वेचणी व्हायची होती ती कपाशी आलीच नाही, त्या बुडालेल्या मजुरीचा पंचनामा कोणता तलाठी करतो? पीक बुडालं तर कागद होतो. मजुरी बुडाली तर काहीच होत नाही, फक्त चूल पेटत नाही. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशाच्या वहितीखालच्या जमिनीपैकी अनुसूचित जातींच्या हातात शंभरातले जेमतेम नऊ भाग. लोकसंख्येत आम्ही शंभरात साडेसोळा. हेक्टरावर मोजलेली मदत कुणाच्या दारात थांबते त्याला गणिताचा प्रोफेसर लागत नाही.

राहण्याचा हक्क या राज्यानं कायद्यात लिहिला तो एकदाच. १९७२ च्या दुष्काळातनं, खडी फोडणाऱ्या हातांतनं, मोर्च्यांतनं रोजगार हमी आली आणि १९७७ ला तिचा कायदा झाला. मागेल त्याला काम. २००५ ला दिल्लीनं तीच गोष्ट देशासाठी केली. हा कायदा गावच्या पुढाऱ्याच्या डोळ्यात पहिल्या दिवसापासून खुपला. का? कारण तळ्यावर काम निघालं की त्याच्या बांधावर कमी पैशात कुणी येत नाही. म्हणून कामं कागदावर निघतात, मस्टर भरतं, पाझर तलावाला पाझर फुटत नाही आणि मजुराला उसाच्या गाडीत बसावं लागतं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, सगळ्या देशानं टाळ्या वाजवल्या. पाणी रेल्वेनं आणता येतं. काम आणता येत नाही. कामासाठी माणूसच रेल्वेत घालतात.

तर हे झाले दोन सल्लागार. पण खरा निर्णय घेणारा तिसराच आहे. तो मुकादम.

पावसाळ्यात, घरात दाणा नसतो, पोरीचं लग्न ठरलेलं असतं, म्हातारा आजारी असतो, तेव्हा मुकादम उचल घेऊन येतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. माणूस मोजायचा नाही, कोयता मोजायचा. दसरा-दिवाळीला गाडीत बसायचं ते पट्टा पडेपर्यंत परतायचं नाही. पश्चिम महाराष्ट्र, कर्नाटक, जिथं नेईल तिथं. फडाच्या कडेला कोपी. पहाटे कोयता, रात्री गाडी आली की मोळ्या डोक्यावर घेऊन भरायची. खाडा झाला तर दंड. फिटली नाही तर उचल पुढच्या सालावर. म्हंजे यंदाचा निर्णय गेल्या सालीच झालेला असतो.

बाईचं काय? २०१९ साली सरकारी समितीनं बीड जिल्ह्यात ८२ हजारांवर ऊसतोड बायांची पाहणी केली, त्यातल्या १३ हजारांवर बायांची पिशवी काढलेली निघाली. पाळी आली की खाडा, खाडा झाला की दंड, आणि दुखलं की डॉक्टर म्हणतो काढून टाक. कोयत्याला पाळी परवडत नाही. जा आणि राहा म्हणणाऱ्या दोघा पुरुषांनी या तेरा हजारांपुढं एकदा उभं राहून आपला सल्ला सांगावा.

ऊसतोडीत एकटा दलित नाही हे आम्हाला ठाऊक आहे. वंजारी आहे, बंजारा आहे, कोरडवाहू मराठा आहे. कोपीत सगळे सारखेच भिजतात. तरी एक फरक राहतो. त्याचं दोन एकर का होईना, त्याच्या नावावर असतं. तो पाडव्याला परत आला की त्याचं रान जागेवर असतं. आपला माणूस परत येतो तेव्हा त्याच्या रानात दुसऱ्याचा नांगर फिरलेला असतो.

आता गायरानाचं बोलू, कारण सगळी मेख तिथं आहे.

दादासाहेब गायकवाडांनी १९५९ साली आणि पुन्हा १९६४-६५ साली भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले. लाखांनी माणसं तुरुंगात गेली, बाया कडेवर पोर घेऊन गेल्या. त्या ताकदीवर मराठवाड्यात दलितांनी गायरानं फोडली. दगड वेचले, बांध घातले, बाजरी-तूर काढली. सरकारच्या दप्तरात त्याला नाव काय? अतिक्रमण. तलाठ्याच्या एक-ई नमुन्यात नोंद व्हायची आणि दंड व्हायचा. आणि गंमत बघा, दंडाची पावती हाच आमचा सातबारा. कारण १९९१ ला सरकारनं ठरवलं की १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरान अतिक्रमणं नियमित करायची, आणि त्याला पुरावा लागला तो एक-ईच्या उताऱ्याचा, दंडाच्या पावतीचा, सलग वहिवाटीचा. ज्या देशात बाकीचे लोक मालक म्हणून कर भरतात तिथं आम्ही गुन्हेगार म्हणून दंड भरून मालकी सांगतो. आणि तलाठ्याला हे कळलं तसा तो दंड घेईना. बाबा दंड घे म्हणून माणूस हात जोडतोय आणि तो म्हणतोय, न्हाई जमत.

सलग वहिवाट. हा शब्द नीट ऐका. सहा महिने तू उसात गेलास, तूर उभी टाकून गेलास, मागं कुणी गुरं सोडली, कुणी पाळी घातली, की वहिवाट तुटली. पंचनाम्यात लिहिलं गेलं, रान पडीक आहे. मग पुढारी म्हणतो, तुझं कुठाय, तू तर गाव सोडून गेलास! ज्यानं तुला मुकादमाच्या गाडीत बसताना बघितलं आणि हात हालवला, तोच.

तारखांचा हिशेब करा. गायरानाला १४ एप्रिल १९९०. झोपडीला १ जानेवारी १९९५, मग २०००. आणि पोराला जातीचा दाखला काढायचा तर १० ऑगस्ट १९५० च्या आधी आजा-पणजा कुठं राहत होता त्याचा पुरावा आण. ज्या गावातनं आज्याला हाकललं त्याच गावच्या शाळेच्या जुन्या रजिस्टरात त्याचं नाव शोध. राज्याची हद्द ओलांडून गेलास तर १९९० मध्येच सर्वोच्च न्यायालयानं सांगून ठेवलंय की तुझी राखीव जागा तुझ्या मूळ राज्यातच. म्हंजे गाव सोड म्हणणारं शहर दाखला गावाचाच मागतं, आणि गावात राहा म्हणणारं गाव नोंद करत नाही. दोन्हीकडून तारखेच्या बाहेर.

सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०११ मध्ये जगपाल सिंग खटल्यात गावाच्या सार्वजनिक जमिनी मोकळ्या करा म्हणून सगळ्या राज्यांना सांगितलं. त्याच निकालात अपवादही लिहिलाय: सरकारी निर्णयानं भूमिहीनांना, अनुसूचित जाती-जमातींना दिलेली जमीन. आपल्याकडं निकालाचा पहिला भाग बुलडोझरसारखा वाजतो, दुसऱ्या भागाला आवाजच नाही. २०२२ साली मुंबई उच्च न्यायालयानं गायरानावरची अतिक्रमणं काढायला सांगितलं, नोटिसा वस्त्यावस्त्यांत पोचल्या. आता त्याच गायरानांवर सौर प्रकल्पांची नजर आहे. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी, आमची ना नाही. पण जे रान पन्नास वर्षं पोटं भरतंय ते नकाशावर रिकामं कसं दिसतं? ते रिकामं दिसतं कारण आम्ही कागदावर नाही. आणि आम्ही गाव सोडून उसात असतो तेव्हा ते डोळ्यांनाही रिकामं दिसतं.

२००४ ची योजना आहे, दादासाहेबांच्याच नावाची. भूमिहीन दलिताला चार एकर जिरायत नाहीतर दोन एकर बागायत सरकार विकत घेऊन देणार. छान. पण सरकारी भावानं विकणारा कोण? विकला तर कोणती जमीन विकणार? खडकाळ, मुरमाड, पाण्याच्या थेंबापासून लांब. आणि तिकडं पन्नास वर्षं कसलेलं गायरान नावावर करायला एक सही लागते, ती होत नाही.

आता कुणी म्हणेल, जमीन असून तरी काय? खैरलांजीत भोतमांगे कुटुंबाची जमीन होती. पोरगी शिकत होती. २९ सप्टेंबर २००६ ला चौघांना मारलं. प्रश्न खरा आहे आणि आम्ही त्याला बगल देणार नाही. १९७८ ला विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला आणि मराठवाडाभर वस्त्या पेटल्या, माणसं रातोरात जिवानिशी पळाली. जिवावर बेतलं तर माणसानं पळावं, त्याच रात्री पळावं. त्याला राहून लढ म्हणून सांगायचा अधिकार कुणाच्या बापाला नाही, आम्हालाही नाही.

पण म्हणूनच विचारतो. १९८९ च्या अॅट्रॉसिटी कायद्यात दलिताला घर, गाव सोडायला भाग पाडणं हा गुन्हा आहे. काठी दाखवून गाव सोडायला लावलं तर गुन्हा. मग रोजगार हमीचं काम दाबून ठेवलं, गायरानात गुरं सोडली, दंडाची पावती दिली नाही, विहिरीवर वाळीत टाकलं, आणि माणूस ‘आपणहून’ गाडीत बसला, तर? त्याचा फिर्यादी कोण? त्या गुन्ह्याला वर्तमानपत्रात नाव आहे: स्थलांतर. जसा काही थव्यानं उडणारा पक्षी.

मग करायचं काय? आम्ही जा म्हणत नाही. राहा म्हणत नाही. ठरवण्याआधी काय हातात पाहिजे ते सांगतो.

वस्तीनं बसून एक वही करावी. कुणाकडं एक-ईचा उतारा आहे, कुणाकडं दंडाची पावती, कुणाच्या घराला ग्रामपंचायतीचा नमुना आठ, कुणाचं मतदार यादीत नाव, कुणाच्या आज्याचा शाळेचा उतारा. नसेल ते माहितीच्या अधिकारात मागावं. लेखी मागावं, पोच घ्यावी. मुकादमाची वही आपल्याबद्दल लिहिलेली असते. ही वही आपण लिहायची.

गायरान एकेकट्यानं कसू नये. पाच-दहा घरांनी मिळून कसावं. जो उसात, पुण्यात, सुरतेला जाईल त्याचा वाटा मागं राहणाऱ्यानं पेरावा, आणि माल वाटून घ्यावा. म्हंजे जाणाऱ्याची वहिवाट तुटत नाही आणि राहणाऱ्याच्या पोटाला लागतं. बाबासाहेबांनी १९४७ ला सामुदायिक शेती लिहिली, सरकारनं केली नाही. दहा घरांनी दहा एकरांवर करायला दिल्लीची परवानगी लागत नाही.

काम मागायचं तर तोंडानं मागू नये. अर्ज करावा, दहा जणांनी एकदम करावा, तारीख घालावी. कामाची मागणी दप्तरात असली म्हंजे पुढं कुणी म्हणू शकत नाही की हे लोक हौसेनं गेले.

पोर उसात नेऊ नये. हंगामी वसतिगृह असेल तर तिथं, नसेल तर मागं राहणाऱ्या घरात. पोरगी तर मुळीच नेऊ नये. फडात गेलेल्या पोरीचं लग्न कोपीतच ठरतं, आणि मग तिचा अर्धा कोयता तयार.

आणि सायेब, तुम्ही. तुम्ही जयंतीची वर्गणी देता, चांगलं करता. कमानीला दिवे लागतात. यंदा दिवे थोडे कमी लावा. तालुक्याला एक वकील धरा, गायरानाच्या केसेससाठी. तहसीलच्या पायऱ्या चढताना वस्तीच्या म्हाताऱ्याबरोबर एक दिवस रजा टाकून या. तुमच्या पँट-शर्टाकडं बघून कारकून खुर्ची देतो, म्हाताऱ्याला देत नाही. तुमच्या शहरातल्या घरात वस्तीतली एक पोर कॉलेजला ठेवा. हे जमत असेल तर सल्ला द्या, आम्ही ऐकू. जमत नसेल तर निदान बाबासाहेबांचं नाव घेऊन पळा म्हणू नका.

राहा म्हणणाऱ्याला आमचं एकच सांगणं. आम्ही राहिलो तर तुझ्या खुरपणीसाठी राहणार नाही. आमच्या नावावर रान करून राहू. तुला मजूर मिळेना झाला तर जास्त मजुरी दे, नाहीतर स्वतः वाक.

दुष्काळ पुन्हा येणार. या मुलखात तो पाहुण्यासारखा येत नाही, जावयासारखा येतो. तेव्हा पुन्हा गाड्या येतील, पुन्हा उचल मोजली जाईल, पुन्हा दोघं तोंड वाजवतील. त्या दिवशी वस्तीतल्या माणसानं जायचं ठरवलं तर जावं. पण गाडीत पाय टाकण्याआधी त्यानं मागं वळून म्हणता आलं पाहिजे की हे माझं आहे, इथं माझं नाव आहे, मी येणार आहे. आणि राहायचं ठरवलं तर त्याच्या राहण्याला कुणाची मेहेरबानी लागू नये.

जयभीम.